हात लावू नये

मागच्या साली दिवाळीत मिल चार दिवस बंद होती, तेव्हा आम्ही तिघं दोस्त एका मोठ्या शहरात मूर्त्यांचं प्रदर्शन बघायला गेलो. शहराचं आणि त्या जागेचं नाव लिहीत नाही, कारण तसली पाटी सगळीकडंच असते. तिघांतला एक जन्मापासून आंधळा. आमच्या वस्तीत जयंतीला ढोलकी वाजवतो तो हाच. आत एक जुनी दगडी मूर्ती होती. आम्ही दोघं तिचं वर्णन करून सांगत होतो आणि आम्हाला ते धड जमत नव्हतं. शेवटी त्यानं हात पुढं केला. पहारेकरी ओरडला, "ए, हात लावू नको! पाटी वाचता येत नाही का?"

दोस्त शांतपणे म्हणाला, "साहेब, पाटी वाचता आली असती तर हात कशाला लावला असता?"

बाहेर येऊन चहा पिताना तो हसत म्हणाला, "आपल्या आज्याला बी ह्येच म्हणत व्हते की रं. हात लावू नगंस."

आम्ही दोघं हसलो नाही. ते वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. हा लेख त्यातूनच निघाला.

मित्रांनो, आपल्या अंकात कवितेची समीक्षा येते, कथेची येते, आत्मकथनाची तर येतेच. पण कवितेपर्यंत, नाटकापर्यंत, चित्रापर्यंत माणूस जातो त्या रस्त्याची समीक्षा कोण करत नाही. कोण आत गेला, कोण पायरीवरून परत फिरला, कोण घरूनच निघाला नाही, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे असं प्रस्थापित समीक्षक मानत नाहीत. ते म्हणतात, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. मी डाळ मिलमधला कामगार आहे. व्यवस्थापन म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. कुणाला आत घ्यायचं न् कुणाला गेटवर उभं करायचं हे तिथंच ठरतं. म्हणून हा प्रश्न समीक्षेत घ्यायलाच पाहिजे.

आता शहरातल्या नाट्यगृहांत, संग्रहालयांत, महोत्सवांत एक वेगळी नोकरी तयार झाली आहे. कलेची जाहिरात आणि विक्री बघणारा माणूस. पूर्वी हा माणूस पोस्टर लावायचा, पेपरात जाहिरात द्यायचा, तिकिटं खपवायचा. आता त्यातले काही जण दुसरा हिशेब मांडतात. कोण आलं ह्याच्यापेक्षा कोण आलं नाही, आणि का आलं नाही. तिकिटाचा दर, जागेचं अंतर, खेळाची वेळ, पायऱ्या, बारीक अक्षरं, न ऐकू येणारे संवाद ह्या सगळ्या अडचणींची ते यादी करतात. मग उतार बांधतात. रंगमंचावर काय चाललंय ते आंधळ्या माणसाच्या कानात सांगायची सोय करतात. बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेतला दुभाषी उभा करतात. इंग्लंड-अमेरिकेत हे बरंच रुजलंय. आपल्याकडं मुंबई, दिल्ली, गोव्यात थोडं थोडं सुरू झालंय.

हे काम मी वाईट म्हणणार नाही. उलट ती यादी मला फार महत्त्वाची वाटते. आजवर आपल्याला एकच उत्तर मिळत होतं, 'ह्या लोकांना अभिरुची नाही.' पहिल्यांदा कुणीतरी कलेच्या आतल्या बाजूनंच कबूल करतंय की अभिरुची असेलही, दारच अरुंद होतं. एवढी कबुलीसुद्धा आपल्या समीक्षकांनी दिली नव्हती.

पण माझी हरकत पुढं आहे. ह्या हिशेबात न आलेला माणूस म्हणजे न खपलेलं तिकीट. रिकामी खुर्ची भरली की काम झालं. खुर्ची त्याची, रंगमंच आपला, ही वाटणी तशीच राहते. आमच्या वस्तीतला ढोलकीवाला त्यांच्या लेखी फार तर प्रेक्षक. तो कलावंत आहे हे यादीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

हे समजायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. महाडला जाऊ. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला १९२३ साली. सरकारी पैशातली पाणवठी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं. पाण्याला मात्र एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, ओंजळ भरली, तेव्हा तळं खुलं झालं. तरी पुढं तळ्याची शुद्धी केली गेली, त्याच साली नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला, कोर्टकज्जा चालला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षं. दार खुलं आहे असं कागदावर लिहिणं आणि माणूस आत पोहोचणं ह्याच्यात केवढं अंतर असतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

आता आजचा ठराव बघा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं सुगम्य भारत अभियान सुरू केलं. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचं २९ वं कलम संस्कृती आणि करमणुकीचं आहे. कला अपंगांना घेता येईल अशी करावी आणि अपंग कलावंत-लेखकांना मदत द्यावी, असं त्यात सरळ सांगितलंय. म्हणजे माझ्या दोस्ताच्या बाजूनं कायदा होता. पहारेकऱ्याच्या बाजूनं पाटी होती. जिंकली पाटी.

पहारेकऱ्यावर माझा राग नाही. ठेकेदाराच्या पगारावर उभा राहणारा तो आपल्यातलाच कुणी असेल. आणि पाटीलाही कारण आहे. हजार हातांच्या घामानं-तेलानं दगड खराब होतो, रंग जातो. मान्य. पण मग त्याच मापाची एक नक्कल बाजूला ठेवता येते, तिला हात लावू देता येतो. जगात आणि आपल्या देशातही काही संग्रहालयांनी ते केलंय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची तर २०१५ पासून बसच फिरते, संग्रहालय चाकांवर घालून शाळा-गावांत जाते. करायचं म्हटलं तर जमतं. पाटी रंगवायला मात्र खर्च कमी येतो.

'दिव्यांग' शब्दावर इथं बोललं पाहिजे. हा शब्द २०१५ साली वरून आला, अंगात दिव्यत्व आहे म्हणून. आपल्या पूर्वजांना 'हरिजन' शब्द असाच वरून मिळाला होता. देवाची माणसं म्हणायचं आणि देवळाबाहेर ठेवायचं. बाबासाहेबांनी तो शब्द मानला नाही. माझ्या दोस्ताला मी विचारलं, तुला काय म्हणू? तो म्हणाला, "आंधळा म्हण. नायतर ढोलकीवाला म्हण. दिव्य-बिव्य नगं, त्याचं भाडं भरावं लागतंय." कायद्याचं नाव असेल ते असो, मी ह्या लेखात त्याचंच ऐकतो.

आता एक मराठी काम घेऊ, कारण टीका करायची तर समोर चांगलं उदाहरण पाहिजे. स्वागत थोरात हे पत्रकार आणि नाट्यदिग्दर्शक. स्वतः डोळस. त्यांनी 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक ८८ अंध कलाकारांना घेऊन उभं केलं. मग १५ फेब्रुवारी २००८ ला 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक सुरू केलं. साध्या छपाईचं एक पान ब्रेलमध्ये आणायचं तर कित्येक पानं लागतात. कागद जाड लागतो, अंक भरभक्कम होतो. असं पाक्षिक काढणं म्हणजे काय, हे स्टेन्सिल कापून अंक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको.

'स्पर्शज्ञान'. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थांबलोच. ज्या देशात आपला स्पर्श म्हणजे विटाळ, सावलीसुद्धा नको, त्या देशात स्पर्श म्हणजे ज्ञान असं एका नियतकालिकाच्या माथ्यावर छापलं जातं. ते नाव ठेवताना आपला संदर्भ मनात होता का, हे मला सांगता येणार नाही. पण आंबेडकरी वाचकानं ते नाव आपल्या इतिहासाशी जोडून वाचलंच पाहिजे.

थोरातांच्या कामात मला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, अंधांना त्यांनी खुर्चीवर बसवून सोडलं नाही, रंगमंचावर नेलं. दुसरी, एकदाच सोहळा करून फोटो काढला नाही, दर पंधरा दिवसांनी अंक काढायचं ठरवलं. नियमितपणा हीच खरी पोहोच. माझी तक्रार आहे ती अशा नाटकांवर लिहिणाऱ्यांबद्दल. अंध कलाकारांच्या नाटकावर लिहिताना पेन ठरल्या जागी जातं: किती कलाकार, कुठला विक्रम, 'डोळे नसूनही' केवढी जिद्द. नाटक कसं होतं? संवाद पडले का? प्रयोग लांबला का? कुणाचं काम कच्चं होतं? हे कुणी लिहीत नाही. आपल्या साहित्यालाही सुरुवातीला हेच मिळालं होतं, आठवतं ना? 'शिक्षण नसूनही', 'अशा परिस्थितीतूनही'. पाठीवर थाप मारायची आणि वाङ्मय म्हणून वाचायचं टाळायचं. ही दया म्हणजे दुसऱ्या रंगाची 'हात लावू नये' पाटीच. कलावंताचा मान ठेवायचा तर त्याच्या कामाला हात घाला, त्यातलं खोटं दाखवा, चांगलं दाखवा.

आणि ही लिपी कुठून आली तेही बघा. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्सच्या एका खेड्यात जन्मला. बाप घोड्याची खोगिरं आणि चामड्याचा साज शिवणारा. तीन वर्षांचं पोर बापाच्या कामाच्या जागी खेळत होतं, चामडं टोचायचं हत्यार डोळ्यात गेलं. आपल्याकडं आरी म्हणतात तसलं हत्यार. एक डोळा गेला, जखम चिघळून दुसराही गेला. पॅरिसच्या अंधशाळेत डोळसांनी अंधांसाठी बनवलेली पुस्तकं होती. त्यात आपली नेहमीचीच अक्षरं फुगवून छापलेली. डोळ्याला सोपी, बोटाला अवघड, आणि लिहायला तर येतच नसत. पंधरा वर्षांच्या लुईनं १८२४ साली सहा ठिपक्यांची लिपी बसवली, बोटाला कळणारी, स्वतःला लिहिता येणारी. पोरं ती वापरत होती, तरी शाळेनं तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ साली. लुई १८५२ मध्येच वारला होता.

चामडं शिवणाऱ्याच्या पोरानं, ज्या जातीच्या हत्यारानं डोळे गेले तसल्याच टोचणीनं कागदावर ठिपके पाडून, जगाच्या अंधांना अक्षर दिलं. ही गोष्ट आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला सांगितली पाहिजे. डोळसांनी चांगल्या मनानं केलेली सोय आणि बाहेर ठेवलेल्यानं स्वतः केलेली वाट ह्यात फरक काय, ते ह्यातून कळतं. पहिलीत फक्त वाचता येत होतं. दुसरीत लिहिताही येऊ लागलं.

आता आपल्याकडं वळतो. कलेची जाहिरात हा शब्द नव्हता तेव्हा आंबेडकरी जलसेवाल्यांनी हे सगळं काम केलं होतं. भीमराव कर्डकांचा जलसा घ्या, पुढं वामनदादा कर्डकांची गाणी घ्या. माणसाला त्यांनी थिएटरात बोलावलं नाही, वस्तीत गेले. वेळ कामावरून आल्यानंतरची, रात्रीची. भाषा घरातली. साचा तमाशाचा, लोकांच्या ओळखीचा, फक्त आतला मजकूर बदललेला. वाचता न येणाऱ्या बाईला, डोळ्यानं न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला तो जसाच्या तसा मिळाला, कारण तो कानातून जात होता. माझ्या आत्याला एक अक्षर येत नाही. आता मोतीबिंदूनं दिसतही नाही. पण तिच्या तोंडात भीमाची इतकी गाणी आहेत की त्यांचं पुस्तक छापलं तर जाड होईल. आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या ज्या रांगा लागतात, त्या कुठल्या विक्रीतज्ज्ञानं लावल्या? लोक जिथं येतात तिथं पुस्तक न्यायचं, त्यांच्या खिशाला झेपेल त्या किमतीत, एवढंच आपल्या माणसांनी ओळखलं.

आपल्या जिल्ह्यातलंच सांगतो. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी आले होते. जिल्ह्याच्या गावाला नव्हे, खेड्यात. पुढं जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिवला भरलं, तेव्हाच्या उस्मानाबादला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. साहित्य आपल्या दाराशी आलं ह्याचा आनंदच आहे. पण संमेलन तीन दिवसांचं असतं. चौथ्या दिवशी मांडव निघतो. कळंबच्या पोरानं उरलेल्या वर्षात काय करायचं, ह्याचं उत्तर मांडववाल्यांकडं नसतं. ते आपल्यालाच काढावं लागेल.

इथपर्यंत वाचून तुम्ही खूश झाला असाल. आता कडू बोलतो.

आपल्या जयंतीचं स्टेज बघा. चार-पाच फूट उंच, मागून लोखंडी शिडी. पायानं अधू असलेला कवी वर कसा जाणार? मागच्या खेपेला अशा एका कवीला आपण दोघा जणांनी खांद्यावर उचलून वर नेलं आणि टाळ्या वाजवल्या. तो खाली मान घालून बसला होता. त्या टाळ्या कुणासाठी होत्या? एक फळी तिरपी टाकली असती तर तो आपल्या पायानं, आपल्या कुबडीनं वर गेला असता.

दुसरं, डीजे. जलशाचा शब्द जिथं ऐकू यायचा तिथं आता भिंतीएवढे डबे लावतो आपण, शब्द कुणालाच कळत नाही. मी मिलमध्ये काम करतो. चाळण्या, रोलर, पट्टे दिवसभर धडधडतात. शेजारच्याशी बोलायचं तर खुणांनी. वीस-वीस वर्षं काढलेले आमचे जुने कामगार घरी गेल्यावर बायकोचं बोलणं ऐकू शकत नाहीत. माझ्या उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते, आणि मी अजून तिशीतसुद्धा नाही. बहिरेपण म्हणजे नशीब नव्हे मित्रांनो, पुष्कळदा ती मजुरीची कमाई असते. बोटं पट्ट्यात जातात, छाती धुरळ्यानं भरते, कान आवाजानं जातात. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग मोजले गेले. त्यातले किती जण कामानं अपंग झाले आणि ते काम कुठल्या जातीच्या वाट्याला होतं, हा आपला प्रश्न आहे. आणि मालकानं अर्धे केलेले कान आपण जयंतीच्या रात्री पुरते घालवतो. बाबासाहेबांच्या नावानं.

तिसरं, हाच आपला अंक. सायक्लोस्टाईलवर अक्षर फिकं येतं, चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही दिव्याखाली धरावं लागतं. माझी कविता ह्या अंकात छापून आली तेव्हा मी ती दोस्ताला दाखवायला पळत गेलो. त्यानं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "गुळगुळीत हाय." एवढंच. माझ्या कवितेवर आजवर आलेली सगळ्यात खरी टीका तीच.

मग करायचं काय? सरकारची वाट बघत बसायचं नाही, मागणी मात्र सोडायची नाही. २९ व्या कलमाचा हवाला देऊन नगरपरिषदेला, ग्रंथालयाला अर्ज करायचे. आपल्या हातात आहे ते आजच करायचं. स्टेजला तिरपी फळी. पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांना, अपंगांना जागा, आणि ती जागा कार्यकर्त्यांनी बळकवायची नाही. डब्यांचा आवाज शब्द कळेल इतकाच. खुणांची भाषा येणारा माणूस जिल्ह्यात शोधायचा, बहिऱ्या मुलांच्या शाळेतले शिक्षक असतात त्यांना विचारायचं.

आणि पुस्तकं वाचून फोनवर मुद्रित करायची. कायदा अडवेल अशी भीती पुष्कळांना वाटते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आहे. वाचता न येणाऱ्या अपंगांसाठी, नफा न घेता, पुस्तक त्यांना घेता येईल अशा रूपात आणायची मुभा त्यात आहे. अशा पुस्तकांसाठी मराकेश इथं झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१४ साली सगळ्यांत आधी मंजूर करणारा देश आपलाच. अट एवढीच की ते त्यांच्याचसाठी वापरायचं, बाजार मांडायचा नाही. मग अडचण कसली? आपल्यातल्या प्रत्येकानं महिन्याला एक प्रकरण वाचलं तरी वर्षात आपलं वाचनालय उभं राहील. पहिली यादी मात्र आपण करायची नाही. ऐकणाऱ्यांना विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे. दोस्ताला मी विचारलं. मला वाटलं कविता म्हणेल. तो म्हणाला, "आधी 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' वाच. कविता मी करतो."

शेवटी एक सांगतो. जयंतीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा धुवायचं काम त्याच्याकडं असतं. त्याला कुणी नेमलेलं नाही, तो लहानपणापासून करतो. चष्मा, कपाळ, कोटाची कॉलर, हातातलं पुस्तक, सगळं हातानं पुसतो. गेल्या खेपेला म्हणाला, कोटाच्या दुसऱ्या गुंडीखाली तडा गेलाय, भरून घ्या, न्हाईतर पावसात वाढंल. आम्ही बॅटरी लावून बघितलं. खरंच तडा होता. आम्ही डोळेवाले वर्षभर त्या पुतळ्यासमोरून हात जोडून जात होतो.

तडा भरून घेतला आहे. आता फळी टाकायची राहिली आहे. १४ एप्रिलच्या आत कोण किती लाकूड देणार ते कळवा, आणि कोणतं पुस्तक कोण वाचणार तेही. पुढच्या अंकात नावं छापू. छापू म्हणजे छापू आणि वाचूनही दाखवू.

जय भीम.